उजव्या खांद्यावरचा पदर

शोभनाला कोणी "थकलीस का?" विचारलं की माझं डोकंच फिरतं. विचारताय काय! इथे आखातात सकाळी ऊद मेथा भागातल्या शाळेत ड्रॉइंग, दुपारी घरी ट्यूशन, संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. करामा वस्तीत मी तिच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते, रोज बघते. इतके पडदे रंगवले, पण स्टेजवरून तिचं नाव एकदाही कोणी घेतलं नाही.

अठ्ठ्याण्णव साली मंडळाने चित्रप्रदर्शन ठरवलं. शोभना म्हणाली, "अनुराधा, या वेळी माझं चित्र, माझ्या नावानं." शाळेत ती मुलांना सोफोनिस्बा, आर्तेमिझिया शिकवायची. इटलीतल्या, चारशे वर्षांपूर्वीच्या चित्रकार बायका. "पुरुषांसारखं मॉडेल बसवून शिकायची त्यांना मुभा नव्हती गं. मग आरशातली आपणच! आणि माझ्यासमोर तरी कोण बसतंय?" नवरा बसला होता एकदा. पाच मिनिटांत घोरायला लागला. लेक आभा म्हणाली, "ममा, आय हॅव होमवर्क."

मग काय, कपाटाचा आरसा आणि शुक्रवारची सुट्टी. चित्र झालं. डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा सोडली नव्हती बाईने. सही तेवढी चित्र लावायच्या दिवशी करणार होती.

मंडळाचे सेक्रेटरी गोगटे चित्र बघून म्हणाले, "वहिनी, पदर उजव्या खांद्यावर? लोक हसतील हो! फिरवून द्या, यल्ला, चला पटकन. आणि चेहरा जरा फ्रेश करा."

मी खवळलेच. "अहो, आरशात बघून काढलंय! डाव्याचं उजवं होणारच ना?"

शोभनाने माझा हात दाबला. "राहू दे गं. भांडायलासुद्धा अंगात जीव लागतो."

दुसऱ्या दिवशी तिने पदर डाव्या खांद्यावर नेला, वर्तुळं बुजवली, ओठ थोडे हसवले. चित्र हॉलच्या दारासमोरच लागलं. जो तो "वा, मस्त!" म्हणत होता. मला मात्र रडू येत होतं. एवढ्यात गोगटे ब्रश घेऊन आले. "वहिनी, सही राहिली की!"

ती खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. "मला आरशात दिसते ती मी पुसून टाकली, गोगटेसाहेब. ही तुम्हाला हवी होती ती. तुमचंच नाव घाला."