भावोजींची गढूळ बिअर

आमचे भावोजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. पेणला रामवाडीत राहतात. रोह्याच्या एका कंपनीतून निवृत्त झाले आणि घरच्या घरी गव्हाची बिअर करू लागले. सरकारी परवानगीचं कृपया विचारू नका. माणसाला वेड लागावं तर असं! गहू भिजवायचे, मोड आणायचे, गच्चीत वाळवायचे, भरडायचे, आणि मग पातेल्यापाशी थर्मामीटर घेऊन तासन्‌तास उभं राहायचं. मला साधा चहा धड जमत नाही, त्यामुळे मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं.

ही बिअर गढूळच हवी. पिकल्या केळ्याची आणि लवंगेची चव त्या गढूळपणातच असते. पण तिची स्टीलची टाकी, म्हणजे केग, फ्रिजमध्ये उभी राहिली की हा गढूळपणा देणारं यीस्ट तळाला बसतं. आतली नळी तळातूनच ओढते. मग पहिला ग्लास चिखल आणि पुढचे सगळे नितळ. एकदा वैतागून भावोजींनी केग गदागदा हलवला आणि लगेच तोटी सोडली. फेस थेट ताईने वाळत घातलेल्या पापडांवर! ताईने तिथल्या तिथे बजावलं, "अजून एकदा काय ती करा. नाय जमली तर ही टाकी भंगारवाल्याला देईन." ताई बोलली म्हणजे करणारच. भावोजींचा चेहरा बघवत नव्हता.

ती शेवटची संधी माझ्या घरी आली, रोह्याला, रविवारच्या जेवणाला. माझ्या शिफ्टमधले चौघे बोलावले होते. भावोजींनी युक्ती काढली. केग टेम्पोतून पाठवायचा, म्हणजे वाटेतले खड्डे यीस्ट आपोआप वर काढतील. ताई आणि ते बसने पुढे आले.

टेम्पोवाला त्यांचा शेजारी. दरवर्षी पेणच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती गावोगाव पोचवणारा. मागचं फळकं उघडलं तर केगच्या खाली पेंढा, चहूबाजूंनी पेंढा, वर गोधडी. "एक धक्का लागू दिला नाय," तो अभिमानाने म्हणाला. "गडबपासून निडीपर्यंत सगळे खड्डे चुकवत दुसऱ्या गिअरमध्ये आणलाय." त्याला काय बोलणार? हाताला वळणच ते. आम्ही त्यालाही जेवायला बसवलं.

पहिला ग्लास चिखल निघाला. दुसरा नितळ, तिसरा त्याहून नितळ. पाहुणे "मस्त हाय" म्हणत पीत होते, पण भावोजींनी आपला ग्लास न पिताच खाली ठेवला. केग हलवायची त्यांची हिंमत होईना, कारण माझ्या भिंतींना नुकताच रंग दिलेला. "संपलं," ते हळूच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. केगला दाब देणाऱ्या गॅसची नळी काढायला सांगितली, केग सतरंजीवर आडवा केला आणि दोन्ही तळव्यांनी सावकाश पुढेमागे लोळवू लागली. बराच वेळ. मग उभा केला.

"आता कोणी हात लावायचा नाय. फेस बसू दे. ताक वाढायच्या आधी ढवळतो ना आपण? तेव्हा काय घुसळत बसतो व्हय?"

"तुला कुणी शिकवलं गो?" भावोजींनी विचारलं.

"सहा महिने घरात दुसरं काय ऐकतेय मी?"

मी तिचा सख्खा भाऊ, पण त्या दिवशी तिच्याकडे बघतच राहिलो. ती या प्रकाराला कंटाळली आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि बाईने शब्द न् शब्द ध्यानात ठेवला होता.

दहा-पंधरा मिनिटांनी भावोजींनी गॅसची नळी परत जोडली आणि तोटी उघडली. ग्लासात दाट, पिवळसर, पलीकडचं बोट दिसू नये अशी बिअर उतरली. पाहुण्यांनी हात पुढे केले, पण भावोजींनी तो ग्लास ताईला दिला. जन्मात तिने कधी घेतली नव्हती. एक घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं.

"आंबूस हाय," ती म्हणाली. मग ग्लास त्यांच्या हातात परत देत म्हणाली, "पुढच्या खेपेला गहू मी निवडून देईन. तुम्हाला खडे दिसत नाय."