पितळी घागरीतली आंबील

वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, रानात जेवायला जमल्यावर कुणी ‘नको’ म्हणायचं नाही, असा आमच्याकडचा कायदा होता. इंग्रज सरकारचे कायदे तर त्या वर्षांत सोलापुरात रोज कुणी ना कुणी मोडत होतं, पण हा एक कायदा मोडायची छाती मी कुणात पाहिली नाही. पानात पडलं ते पोटात गेलं पाहिजे. एकदा एका पाहुण्यानं भिडेभिडेनं बाजरीचे सतरा उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, खाल्ले आणि त्याला पूजेच्या खोपटातून, म्हणजे कोपीतून, बाहेर पडता येईना. शेवटी कडब्याची कोपच त्याच्या अंगावरून उचलून घ्यावी लागली. खोटं वाटत असेल तर त्या कोपीला विचारा.

एरवी आमच्या गल्लीतल्या बाया एकमेकींच्या घरचं पाणीही चार वेळा विचार करून प्यायच्या. पण त्या दिवशी प्रत्येक घर एकेक भांडं घेऊन आमच्या रानात यायचं. रानाला सोवळं नसतं म्हणायचे. अर्थात तेही आपापल्या सोयीनं. वेशीबाहेरच्यांना हे कुणी कळवलं नव्हतं. साळ्याच्या घरून चिंचेचा भात यायचा. कानडी बोलणाऱ्या शेजारणीकडून, जिला आख्खी गल्ली अक्का म्हणायची, शेंगापोळ्यांची चळत यायची. भज्जी, म्हणजे शेंगा-डाळींची पातळ भाजी, आणि आंबील आमच्या घरची, कारण रान आमचं. रीत अशी की भांडं झाकून आणायचं आणि रानातच उघडायचं. आपल्या पदार्थाची स्तुती करायची नाही, दुसऱ्याच्या पदार्थाला नाव ठेवायचं नाही. आणि ज्याच्या घरचं भांडं, त्या घरानं त्यातलं सगळ्यांत शेवटी खायचं. आधी पाहुण्यांचं पोट, मग आपलं.

हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

मी नातेपुत्याची. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मला वाटायचं गिरणीचा भोंगा माझ्याच नावानं वाजतो, इतकी मी सकाळी धसकून उठायची. सासू माझी उंचीला बेताची, पण आवाज असा की तिनं दारात उभं राहून खाकरलं तर नव्या पेठेतली गिऱ्हाइकं दुकानात शिरायची. तिला मी आत्याबाई म्हणायची. पहिल्या वर्षीच्या वेळ अमावस्येला भज्जी मी केली आणि मीठ विसरले. कायद्यानं बांधलेल्या पंचवीस माणसांनी ती अळणी भज्जी गुपचूप खाल्ली. वर ‘वाढा की अजून’ म्हणाली. आत्याबाईंनी सगळ्यांत शेवटी तोंडात घास घातला तेव्हा त्यांना कळलं की आपली अब्रू तासाभरापूर्वीच पंचवीस जणांनी वाटी वाटी करून संपवलेली आहे. पुढं वर्षभर अक्का आमच्या दारावरून जाताना थांबायची आणि गोड आवाजात विचारायची, “मीठ हाय का गं घरात? न्हाई तर देते चिमूटभर.”

त्यामुळं दुसऱ्या वर्षीची अमावस्या माझी परीक्षा होती. आत्याबाईंनी चुलीपुढं बसून स्वच्छ सांगितलं होतं, “ह्या बारीला आंबील तुझ्या हातची. चुकली तर संक्रांतीला भाऊ न्यायला येतोय न्हवं, बस त्येच्या गाडीत. परत यायची घाई करू नगंस.” मामंजी, म्हणजे माझे सासरे, खाली बघून विडी ओढत होते. नवरा गिरणीत होता. आणि नसता, तरी तोही खालीच बघत बसला असता.

आंबील दरवर्षी मातीच्या बिंदग्यातून जायची. बिंदगं म्हणजे आपलं लहान मडकं. पण अक्काची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, तीही रानात येणार होती, जरीकाठी लुगडी निघणार होती. आत्याबाईंनी माळ्यावरून पितळी घागर काढली. ती मी चिंच आणि राख लावून अशी घासली की शेजारचा कोंबडा तिला उगवता सूर्य समजून दुपारी तीनला आरवला. बाहेरून घासून झाली आणि मी आत हात घातला. आत जिथं पांढरी कल्हई दिसायला हवी तिथं पिवळी पिवळी चट्टेरी पितळ होती.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “कल्हई गेलीया. बिंदग्यातच न्यायची का?”

“दोन दिवाळ्या झाल्या न्हाईत अजून कल्हईला.”

“ताक हाय आंबिलीत. रातभर ऱ्हायलं तर कळकंल.”

“तुझ्या नातेपुत्यात कळकत असंल. आमच्या घरात कायबी कळकत न्हाई.”

कळकणं म्हणजे काय हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. बिनकल्हईच्या पितळेत आंबट राहिलं की त्याचं वीख होतं. माझ्या माहेरी एका लग्नात कढी कळकली होती, तर वरमाईपासून वाजंत्र्यापर्यंत सगळी वरात बाभळीआड उकिडवी बसली होती आणि नवरा-नवरी दोघंच मांडवात एकमेकांकडं बघत होती. ही हसायची गोष्ट म्हणून आम्ही सांगायचो. त्यातली एक म्हातारी चौथ्या दिवशी गेली, तेवढं सांगायचं गाळायचो.

मी आंबील केली. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, कोथिंबीर; मीठ तीनदा चाखून. आणि घागरीत ओतली. एकदा बोलले होते. दुसऱ्यांदा बोलायची माझ्या घरात पद्धत नव्हती.

पहाटे अक्कलकोटच्या वाटेनं निघालो. घागर माझ्या डोक्यावर. एरवी त्या दिवशी रानाकडं जाताना माणसं अशी ओरडत, चिडवत जातात की पाखरंही वाट बदलतात. पण मला माझ्या डोक्यावरची आंबील तेवढी ऐकू येत होती. पावलागणिक डुचमळत होती. झाकणाच्या फटीतून वास येत होता, जुना ढब्बू पैसा जिभेवर ठेवल्यासारखा. आमचं कुत्रं रोज माझ्या पायात पायात यायचं, ते त्या दिवशी वाटेच्या पलीकडच्या कडेनं चाललं होतं.

रानात ज्वारी छातीला आली होती. कोपीत रानच्या लक्ष्मीचे म्हणून पाच दगड चुन्यानं पांढरे करून मांडलेले. पहिली आंबील देवाला, म्हणून मी पळीभर काढली आणि मधल्या दगडावर सोडली. आंबील खाली ओघळली. चुन्यावर निळसर हिरवा डाग राहिला, मोराच्या पिसाच्या टोकासारखा. बघता बघता तो पसरला.

मी मान वर केली. आत्याबाई कोपीच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्याही त्या दगडाकडंच बघत होत्या.

आता बघा हं. त्यांनी ‘आंबील थांबवा’ म्हणावं, तर घागर त्यांची, कल्हई त्यांनी नाकारलेली. अक्काला पुढची दहा वर्षं मिठाऐवजी कल्हई पुरली असती. मी म्हणावं, तर आंबील माझी. ‘चुकली’ म्हणायला मीच आयतं निमित्त दिल्यासारखं, आणि वर चारचौघांत सासूच्या भांड्याला नाव ठेवलेलं. भावाची गाडी तयारच होती. मी पळी घागरीत परत टाकली. बाहेर पंगत बसली. भज्जी वाढली गेली, भात वाढला गेला, शेंगापोळ्यांवर तूप पडलं. आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि कसनुशा आवाजात म्हणाल्या, “आंबील वाढ.”

मी वाढायला लागले. द्रोणामागून द्रोण. आंबील शेवटी प्यायची, मामंजी ‘चांगभलं’ म्हणतील तेव्हा सगळ्या पाहुण्यांनी एकदम, अशीही रीत होती. त्यामुळं पानापानाशी ती नुसती भरून राहिली होती. तीस माणसांपुढं तीस द्रोण. वारा पडला होता. ज्वारीचं पान हलत नव्हतं. मी आजवर पुष्कळ गोष्टी फुगवून सांगितल्यात, पण ते पान हलत नव्हतं हे फुगवलेलं नाही.

शेवटी अक्काच्या लेकीपाशी आले. माझ्याच वयाची, सातवा महिना, आंबटाचे डोहाळे. तिनं द्रोण दोन्ही हातांनी पुढं केला. “हाकव्वा, वैनी, हाक. काठापतोर घाल. कालपास्नं हिच्यावर मन हाय माजं.”

मी काठापर्यंत घातली.

इथं मला खरं सांगितलं पाहिजे. माझ्या मनात आलं, होऊ दे. घागर आत्याबाईंची. मी सांगितलं होतं, ऐकलं नाही. उद्या गल्लीत तीस माणसं आडवी झाली की लोक विचारतील कशात होती आंबील, आणि मी फक्त घागरीकडं बोट करीन. हा विचार माझ्या मनात किती वेळ होता? मामंजींनी घसा साफ केला, एवढा वेळ. पोरगीनं तेवढाही धीर धरला नाही आणि हसत द्रोण ओठाला नेला, एवढा. त्या वेळात मी मान वळवली तर आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. द्रोणाकडं नाही, माझ्याकडं.

मग मी पडले.

आता पडणं कसं असतं ते ऐका. मी अशी पडले की सिद्धेश्वराच्या यात्रेत पहिलवान पडत नाहीत. घागर सोडली ती पोरीच्या मांडीवर, हात घातला तो द्रोणात, आणि लोळत गेले ती आख्ख्या पंगतीवरून. माझ्या लुगड्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंतचे द्रोण उलथले. साळ्याचा चिंचेचा भात मामंजींच्या पागोट्यावर गेला. तीस द्रोणांत एक शिल्लक राहिला होता. तो उठताना पायानं लवंडला.

मांजर दूध सांडतं तेव्हा आपण हसतो. पण वेळ अमावस्येला भरल्या पिकात लक्ष्मीपुढची आंबील सुनेनं लवंडली, हे हसण्यासारखं नव्हतं. अक्का कानडीत काहीतरी पुटपुटली आणि लेकीच्या पोटावरून हात फिरवायला लागली. बायांनी आपापली पोरं जवळ ओढली. मातीनं आंबील पिऊन टाकली, आणि जिथं जिथं ती पडली तिथं मुंग्यांच्या रांगा थबकून वळून गेल्या. ते फक्त मी पाहिलं. आणि आत्याबाईंनी.

“हात मोडलं का तुजं!” त्या ओरडल्या. उशिरा ओरडल्या. एरवी माझ्या हातून पळी निसटली तर खाली पडायच्या आत शिवी यायची.

मामंजी पागोट्यावरचा भात झटकत म्हणाले, “जाऊ द्या. रानानं मागून घेतलं. रानाचं रानाला.” लोकांनी ‘चांगभलं’ म्हटलं, पण आवाज कुणाचाच सुटला नाही.

परतताना आम्ही दोघी मागं राहिलो. रिकामी घागर माझ्या कडेवर.

“तुला कवा दिसलं?” आत्याबाई म्हणाल्या.

“दगडावर. तुमाला?”

“तितंच.”

ओढा ओलांडला. मग त्या पुढं बघतच म्हणाल्या, “तू थांबलीस.”

“तुमीबी थांबलासा.”

“मी भ्यायले हुते,” त्या म्हणाल्या. “तू भ्यायली न्हवतीस. मी बगितलं.”

त्या दिवसाआधी मला सासूचं भय होतं. ओढ्याच्या अलीकडं तिचं मला, पलीकडं माझं तिला, अशी वाट बदलली.

दुसऱ्या दिवशी कल्हईवाल्याला बोलावून घरातलं चमच्यापासून हंड्यापर्यंत सगळं कल्हईला दिलं. अक्काच्या लेकीला वेळेवर मुलगा झाला. इतका धडधाकट की सुईणीच्या हातून सुटून स्वतःच पाळण्यात गेला म्हणतात. संक्रांतीला माझा भाऊ गाडी घेऊन आला. माझं बोचकं मी बांधूनच ठेवलं होतं. आत्याबाईंनी त्याला जेवू घातलं, बैलांना कडबा घातला, आणि माझ्या आईनं गुळाची ढेप घालून पाठवलेला डबा तिळगुळानं काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला, कारण आलेलं भांडं रिकामं पाठवायचं नसतं.

“आन् ताई?” भावानं विचारलं.

“ती ऱ्हाऊ दे,” आत्याबाई म्हणाल्या. “तिच्याबिगर घर चालत न्हाई माजं.”

भाऊ खूश होऊन गेला. बहिणीला केवढा मान! गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उंबऱ्यात उभी होते आणि आत्याबाईंचा हात माझ्या दंडाला होता. प्रेमानं धरतात तसाच, फक्त सोडला नाही. नातेपुत्याला गेलेली सून काय काय बोलेल, याचा हिशेब त्यांचा झाला होता. त्यानंतर दिवाळी आली, पंचमी आली, माझी आई आजारी पडली, बरी झाली, पुन्हा पडली. मला पाठवलं नाही.

भाऊ गेला त्या संध्याकाळी मी पानं घेतली. आधी सासरा, नवरा, मग सासू, मग सून, अशी घरोघरची रीत. आत्याबाई पानावर बसल्या, आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडून आमटीत बुडवून त्यांनी माझ्यापुढं धरला.

“आधी तू खा.”

मी खाल्ला. त्यांनी माझ्या गळ्याकडं बघितलं, घास खाली उतरेपर्यंत. मग स्वतः जेवल्या.

बावीस वर्षं रोज हेच. सोलापुरात चुलीवरची टम्म फुगलेली भाकरी सासूच्याही आधी जिच्या तोंडात पडली अशी सून मी एकटीच. बाया माझा हेवा करायच्या. अक्का सगळ्यांना सांगायची, “सासू असावी तर अशी!”

आणि एकदा, फक्त एकदा, आईच्या दहाव्यालाही मला पाठवलं नाही त्या दिवशी, मी तो तुकडा घेतला आणि तोंडापाशी नेऊन थांबले. आमटीत काहीही नव्हतं. मी नुसती थांबले. मामंजींना घसा साफ करायला लागायचा, तेवढा वेळ. आत्याबाईंचा हात पानावरून मागं गेला.

मग मी घास खाल्ला, आणि म्हणाले, “घ्या की, आत्याबाई. नगं म्हणायचं नसतं.”