आईने मीठ सोडलं तेव्हा

माझा स्वभाव हुकूम सोडायचा आहे, हे आधीच सांगून टाकते. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मी सुटे भाग तपासते आणि केसभर फरक असला तरी माल परत पाठवते. घरीही तोच खाक्या. त्यामुळे आईच्या गोळ्यांची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा ती मला जड वाटली नाही.

गोळी लिथियमची. मी चौथीत असताना, बेळगावला, आई आठ दिवस झोपली नव्हती. घरातली सगळी भांडी अंगणात काढून घासत होती, गात होती. नवव्या दिवशी ती अनवाणी माझ्या शाळेत आली आणि हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून आमच्या बाईंना द्यायला लागली. वर्ग हसत होता. मी मान खाली घालून बसले होते आणि जमीन दुभंगली तर बरं, असं मला वाटत होतं. पुढे ही गोळी सुरू झाली आणि आई परत आई झाली. बाबा गेल्यावर मी तिला बनशंकरीला माझ्याकडे आणलं, तेव्हा ती चांगली हसरी, भाजीवाल्याशी कन्नडमधून हुज्जत घालणारी बाई होती. तरी माझी नजर तिच्यावर असायचीच. ती जरा जास्त बोलली की मी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघायचे.

गेल्या आषाढात तिने चातुर्मासाचा नेम धरला आणि मीठ सोडलं. दर वर्षी ती काहीतरी सोडायचीच. कधी वांगं, कधी कांदा, एकदा तर चहा, जो चौथ्या दिवशी परत धरला. मीठ म्हटल्यावर मी खूशच झाले. बीपीला बरं, असं मीच ठरवून टाकलं आणि तिच्यासाठी अळणी आमटी वेगळी काढू लागले. कारखान्यात डबा खाताना तिचं कौतुकही केलं.

तीन आठवड्यांनी तिचा हात थरथरायला लागला. चहा बशीत सांडायचा. मग जुलाब सुरू झाले, उलट्या झाल्या. चालताना ती भिंत धरू लागली, जीभ जड झाली, स्वतःशीच काहीतरी पुटपुटू लागली. दुसऱ्या कुणीही तिला उचलून डॉक्टरकडे नेलं असतं. मला मात्र एकच दिसत होतं. ते परत आलं. आई गोळ्या चुकवतेय. मी उशीखाली शोधलं, डाळीच्या डब्यात शोधलं, बेसिनची जाळी उघडून पाहिली. एकही गोळी सापडली नाही, तरी माझा संशय जाईना. गुरुवारपासून मी समोर उभी राहून तिला गोळी द्यायला लागले.

"मळमळायलंय गं," ती म्हणाली. "आजच्या दिवस ऱ्हाऊ दे की."

"राहू दे-बिहू दे काही नाही. गीळ. जीभ वर करून दाखव."

तिने दाखवली. साठी उलटलेल्या बाईने, पोटच्या पोरीला, जीभ वर करून. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ.

रविवारी सकाळी ती उठलीच नाही. डोळे अर्धवट उघडे, हातापायांना झटके, हाक मारली तर नुसतं "अं". शेजारच्या अक्कांनी रिक्षा आणली आणि आम्ही दोघींनी तिला कशीबशी आत घातली. दवाखाना येईपर्यंत अक्का "एनू आगल्ला, एनू आगल्ला" म्हणत माझा हात चोळत होत्या. काही होणार नाही, काही होणार नाही. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि प्रत्येक खड्ड्यागणिक ते भलतीकडेच कलंडत होतं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना मी ठणकावून सांगितलं, की हिला जुना मानसिक आजार आहे, तो उलटलाय, गोळ्या चुकवत होती, पण गेले तीन दिवस मी एकही चुकू दिलेली नाही. कोणती गोळी, त्यांनी विचारलं. लिथियम म्हटल्यावर त्या लिहायच्या थांबल्या. उलट्या किती दिवस? लघवी किती? दुसरं काही औषध? जेवण काय?

"जेवण अगदी पथ्याचं," मी म्हटलं. "मीठसुद्धा सोडलंय."

"उप्पू? पूर्ण बंद?"

मी हो म्हटलं, आणि तेव्हाही जरा अभिमानानेच म्हटलं.

मग त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. अंगाला मीठ मिळेनासं झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात, बाहेर सोडत नाहीत. त्यात जुलाब-उलट्यांनी पाणी गेलं. गोळी तेवढीच, पण ती आत साठत गेली. आईने काहीच चुकवलं नव्हतं. तिला विषबाधा झाली होती.

"शेवटची काल संध्याकाळी दिली," मी म्हटलं. "मीच दिली." पुढे काय बोलले ते मला आठवत नाही.

रक्तात लिथियम असायला हवं त्याच्या तिपटीहून जास्त निघालं. डायलिसिस सुरू झालं. आकडा खाली आला तेव्हा मी अक्कांच्या गळ्यात पडून रडले, आणि काही तासांत तो परत वर चढला. पेशींमध्ये शिरलेलं रक्तात परत येतं, असं सांगितलं. दुसऱ्यांदा डायलिसिस झालं. रक्त साफ झालं, पण आई जागी होईना. मेंदूतून ते सावकाश निघतं म्हणे. बहुतेक जण बरे होतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण काहींचं बोलणं आणि तोल कायमचा बिघडतो.

"आई कुणात मोडते?"

"नोडोणा," त्या म्हणाल्या. बघू. हा शब्द मी इथे नळवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांकडून ऐकलाय, त्याची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

मी बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचे. ती उठणार नाही याची भीती होतीच. पण खरं सांगते, ती उठेल आणि तिला सगळं आठवत असेल, याचीही होती.

पाचव्या दिवशी तिने मला ओळखलं. महिन्याभराने घरात वॉकर धरून चालू लागली. लिथियम बंद झालं, दुसरं औषध आलं. बोलणं मात्र सुधारलं नाही. एक वाक्य म्हणजे तिला जिना चढल्यासारखं होतं, मध्ये थांबून दम घ्यावा लागतो. पुढे सुधारेल का, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

एका दुपारी तिचे केस विंचरताना मी बोलून टाकलं. तिचं तोंड पलीकडे होतं म्हणून जमलं.

"तू नको म्हणत होतीस, आई. मी ऐकलं नाही. जीभ वर करायला लावली तुला."

ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली.

"मला... कळालतं. कायतरी... चुकायलंय म्हणून."

"मग घेतलीस कशाला?"

"तू लई... भ्यालतीस गं," ती म्हणाली. "मी घेतली की... स्वल्प... निवांत व्हायचीस."