असनाकेच धक्क्यावरच थांबायची

तना सरोवरातल्या त्या बेटावर बाईमाणसानं धक्क्यापलीकडे पाय ठेवायचा नाही, हा नियम आमच्या खापरपणज्यांच्याही आधीचा. माझी मोटारबोट तिथे जाते. पाहुण्यांतले पुरुष चढण चढून ख्रिस्ती मठात जातात, भिंतींवर रंगवलेले जुने संत बघतात. बायका खाली दगडी धक्क्यावर थांबतात. तिथे उंबराखाली असनाकेच शेगडी मांडून बसायची आणि थांबलेल्या बायकांना कॉफी द्यायची.

ती आमच्याच झेगे गावची. नवरा तरुणपणीच गेला. दुसऱ्यांच्या मळ्यात कॉफी वेचून तिनं एकुलता मुलगा वाढवला. देसाले त्याचं नाव. पोरगा अबोल, देवळाच्या शाळेत रमणारा. त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडच्यांनी बकरासुद्धा बघून ठेवला होता. अशात एका सकाळी तो म्हणाला, "आई, मी बेटावर जातोय."

"परत कधी येणार?"

"परत नाही यायचं."

पुढे कधीतरी तिनं मला सांगितलं, "मी विचारलं, माझ्यावर रागावलास का? तर नाही म्हणाला. रागावला असता तर बरं होतं रे मुलुकेन, समजूत तरी काढली असती."

आमच्याकडे संन्यास घेणाऱ्यावर मेलेल्या माणसाच्या प्रार्थना म्हणतात. त्या म्हणून झाल्या की जगाला तो मेला. देसालेवर त्या म्हटल्या गेल्याची बातमी गावात आली, तशी असनाकेच काळं नेसून दारात बसली. रडायला कुणी गेलं नाही. शेजारची वुबालेम तर कुंपणावरून म्हणाली, "जिवंत पोरासाठी काळं नेसतेस होय? देवाला दिलास, जरा मिरव की."

"मिरवायला तो डोळ्यांना दिसायला हवा," असनाकेच म्हणाली.

त्यानंतर ती माझ्या बोटीतून येऊ लागली. मी वरून उतरलो की तिचा प्रश्न ठरलेला.

"दिसला का?"

"दिसला. लाकडं फोडत होता."

"अंगावर मांस आहे?"

"आहे."

"खोटं बोलू नकोस."

"थोडं आहे."

वर्षं गेली, पण देसाले खाली आला नाही. एकदा मी त्याला म्हटलं, "अब्बा, खाली तुमची आई बसलीय." पोरापेक्षा मी वयानं मोठा, पण संन्याशाला अब्बाच म्हणायचं. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. "माहीत आहे," म्हणाला, "कॉफी भाजल्याचा वास इथवर येतो." मी ते तिला सांगितलं. तेव्हापासून वारा वर मठाकडे वळेपर्यंत ती बिया तव्यावर टाकायची नाही. पाहुण्या बायका ताटकळायच्या, तिला त्याचं काही नसायचं.

पावसाळा सरला की तळ्याकाठी हिवताप येतो. त्या वर्षी देसालेला आला. ताप चढत गेला, तरी दवाखान्यात जायला तो तयार होईना. "मी मेलेला माणूस. मेलेल्याला दवाखाना कशाला?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणे. शेवटी म्हातारे मठाधिपती काठी टेकत त्याच्या खोपटात आले. मी तिथेच होतो. ते म्हणाले, "मेलेल्यानं वाद घालायचा नसतो. उचला रे याला."

घोंगडीत घालून आम्ही त्याला खाली आणला. असनाकेच उठून उभी राहिली. गेला तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा, आता छातीपर्यंत दाढी. ती रडली नाही. आधी जाऊन बोटीच्या तळाशी बसली आणि म्हणाली, "डोकं इकडे द्या."

बोट खोल पाण्यात आली तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"आई."

"काय रे?"

"तू म्हातारी झालीस."

"तूही झालास. आता बोलू नकोस."

पलीकडचं बाहिर दार शहर येईपर्यंत तिच्या शालीचा पदर त्याच्या मुठीत होता. दवाखान्यात तो सोडवताना तिनं त्याचं एकेक बोट उलगडलं. ताप डोक्यात गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत देसाले गेला.

संन्याशाला माती मठातच मिळते. त्याला परत न्यायला माझीच बोट होती. धक्क्यावर मठाधिपती स्वतः उतरून आले होते. मान खाली घालून म्हणाले, "असनाकेच, नियम माझ्या हातात नाही गं."

"अब्बा, मी काही मागितलंय का? फक्त हळू न्या. वाट निसरडी झालीय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जा वर. नीट बघून ये."

मी गेलो. वर ढोल वाजू लागला, प्रार्थना झाल्या. ज्या एकदा त्याच्यावर म्हणून झाल्या होत्या, त्याच. खाली आलो तर ती होती तिथेच उभी होती.

"कुठे ठेवलं?"

"देवळामागे. तळ्याच्या बाजूला."

"ऊन येतं तिथे?"

"सकाळचं येतं."

"बरं," ती म्हणाली आणि माझा हात धरून बोटीत बसली.

गावात वडीलधाऱ्यांत कुजबुज होती, की संन्याशाचा शोक आधीच झाला, आता दारात शोकाचा मांडव घालायचा की नाही. वुबालेमनं ते ऐकलं आणि आपल्याच अंगणातले बांबू उपसून असनाकेचच्या दारात आणून टाकले. म्हणाली, "तेव्हा ती एकटी रडली. आता सगळ्यांनी बसायचं." बाया बसल्या. असनाकेच मोकळेपणानं रडली. इतकी, की आवाज बसला.

धक्क्यावर ती पुन्हा आली नाही. शेगडी, तवा, पेले दुसऱ्या बाईला देऊन ती डांगिलाला बहिणीकडे राहायला गेली. तिथून तळं दिसत नाही. ईस्टरला मी कोंबडी घेऊन भेटायला गेलो. तिनं माझ्या मुलींची चौकशी केली, बोटीच्या इंजिनाचं विचारलं, मला आग्रह करून वाढलं. बेटाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

निघताना बहीण मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मी विचारलं, "झोप लागते का हिला?"

"रात्री लागते," बहीण म्हणाली. "दिवसाचं काय करावं, तेच तिला कळत नाही."