तूरियाने मल्टिमीटर मागितला

तूरिया आमच्या गल्लीत पहिल्यांदा आली तेव्हा प्रत्येक दुकानासमोर उभी राहून ती एकच वाक्य बोलत होती. "मला सोल्डरिंग येतं. काम देऊन बघा."

दर्ब घल्लेफ या आमच्या मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या बाजारात असं काम मागणारे रोज येतात. पण ते पुरुष असतात. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बायका तेव्हा आमच्याकडे नव्हत्याच. कोपऱ्यावरच्या मुस्तफाने तिला विचारलं, "बाई, नवऱ्याचा फोन बिघडलाय का? तो घेऊन या, करून देतो."

"नवरा नाही, फोन चांगला चाललाय. काम आहे का ते सांगा," ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या दुकानाकडे वळली.

माझं दुकान जुन्या रिमोटचं आणि चार्जरचं. माझ्या बरोबर समोर बूअज्जाचं. कॉम्प्युटरचा बोर्ड गेला की शहरभरातले दुकानदार स्वतः प्रयत्न करून थकल्यावर त्याच्याकडे पाठवायचे. सगळे त्याला मअल्लम म्हणायचे, म्हणजे उस्ताद. तो फारसं बोलायचा नाही आणि बोलला की समोरच्याला बरं वाटेल असं काही बोलायचा नाही. त्यामुळे तूरिया त्याच्यासमोर उभी राहिली तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. आता हिची चांगली खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं.

बूअज्जाने तिला वरून खालपर्यंत पाहिलं. "कुठे शिकलीस?"

"कारखान्यात. दिवसभर आम्ही मुली मायक्रोस्कोपखाली बोर्ड जोडायचो. मालकांनी ते काम दुसऱ्या देशात नेलं."

त्याने भंगारातला एक बोर्ड तिच्यापुढे टाकला. त्यावरच्या तांदळाच्या कणीहून लहान एका भागावर बोट ठेवलं. "हा काढ आणि परत बसव."

तूरियाने आधी सोल्डरिंग आयर्नच्या टोकावरची काजळी पुसली. "हे असं घाण ठेवता?" असं सहज विचारून बसली. तिने मनगट टेबलावर टेकवलं, एक श्वास सोडला आणि काम करून बोर्ड परत दिला. बूअज्जा मायक्रोस्कोपमधून बराच वेळ बघत राहिला. बघण्यासारखं काही नव्हतं म्हणूनच तो इतका वेळ बघत होता. तो भाग कधी निघालाच नव्हता असं वाटत होतं.

"उद्यापासून ये," तो म्हणाला. "पण मल्टिमीटरला हात लावायचा नाही. बिघाड मी शोधणार. मी दाखवीन तिथे तू जोडायचंस."

गल्लीत सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं, कारण मी त्याच्या बरोबर समोर बसतो. कित्येक महिन्यांपासून त्याचा उजवा हात थरथरत होता. चहाचा ग्लास तो डाव्या हाताने उचलायला लागला होता. बारीक काम आलं की गिऱ्हाइकाला "नंतर या" म्हणून घालवायचा आणि मग एकटाच त्या बोर्डाशी झगडत बसायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "इद्रीस, तू आपले रिमोट विक."

तूरियाचा हात त्याला हवा होता, पण तिचं डोकं त्याला नको होतं. ती विचारायची, "मअल्लम, हाच भाग खराब आहे हे कशावरून कळलं?" तो म्हणायचा, "मी सांगितलं त्यावरून." बोर्डाचा नकाशा पडद्यावर उघडला की तो खुर्ची अशी वळवायचा की तिला त्याच्या पाठीशिवाय काही दिसू नये.

ती मात्र शिकायचं ठरवूनच आली होती. बाजाराच्या मागच्या अंगाला भंगारवाले बसतात, त्यांच्याकडून ती मेलेले बोर्ड पिशवी भरून न्यायची. शुक्रवारी बाजार थंड असला की घरी गच्चीवर पत्र्याखाली बसून एका स्वस्तातल्या मीटरने बोर्डावरची वीज वाहणारी एकेक रेषा तपासायची. चांगल्या बोर्डावर काय आकडा येतो, मेलेल्यावर काय येतो, हे मनात बसवायची. सोमवारी बूअज्जा जो भाग काढायला सांगेल त्यावरून तसल्या बोर्डांबद्दलचे तिचे अंदाज बरोबर होते की चूक, ते स्वतःशीच ताडून बघायची. एकदा माझ्या दुकानात रिमोटच्या बॅटऱ्या घ्यायला आली तेव्हा आदराने 'सी' लावून म्हणाली, "सी इद्रीस, कारखान्यात मला फक्त हात समजायचे. इथेही तेच. पण इथे मी थांबणार नाही."

मग तिने एक चूक केली. बूअज्जा बाहेर गेला असताना एका औषधवाल्याचा चार्ज न होणारा फोन दुरुस्तीला आला. तिला वाटलं, हे आपल्याला कळतंय. तिने तो उघडला, बिघाड शोधला, आणि घाईत गरम हवा जास्त देऊन खालची तांब्याची टिकलीच उखडून टाकली. फोन होता त्याहून वाईट झाला. बूअज्जा परत आल्यावर तिने स्वतःच सांगितलं. औषधवाल्यालाही सांगितलं, तोंडावर, काही लपवाछपवी न करता, आणि त्याला दुसरा फोन मिळवून दिला. बूअज्जा भरबाजारात तिच्यावर ओरडला. ती खाली मान घालून ऐकत राहिली. त्याचं ओरडून झाल्यावर तिने विचारलं, "बिघाड मी बरोबर शोधला होता का, तेवढं सांगा."

त्याने पाठ फिरवून दुसरा बोर्ड उघडला. म्हणजे बरोबर होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी जवाद आला. जवाद लग्नांचं शूटिंग करतो. नेहमी केसांना तेल लावून, कडक शर्ट घालून फिरणारा माणूस त्या दिवशी झोपेतून उठवून आणल्यासारखा दिसत होता. काखेत लॅपटॉप होता आणि मागे पांढऱ्या पायघोळ जेलाब्यातली एक धिप्पाड बाई होती. ती लल्ला बतूल; लल्ला म्हणजे बाईसाहेब. तिच्या मुलीचं लग्न जवादने टिपलं होतं, आणि ते सगळं चित्रीकरण त्या मेलेल्या लॅपटॉपमध्ये अडकलं होतं.

"दुसरीकडे काढून ठेवता येत नाही का रे तुम्हाला?" बूअज्जाने विचारलं.

"ठेवणारच होतो," जवाद म्हणाला. "त्याआधीच बंद पडला. फक्त यांच्याकडचंच नाही, त्या महिन्यातली सगळी लग्नं यातच आहेत."

"दुसऱ्यांची लग्नं खड्ड्यात गेली," लल्ला बतूल म्हणाली. "माझी मुलगी आता कॅनडात आहे. रोज फोन करून विचारते, आई, फिल्म कुठे आहे. मी हिथून हलणार नाही." आणि तिने माझ्या दुकानातलं स्टूल न विचारता ओढून घेतलं, गल्लीच्या मधोमध ठेवलं आणि बसली.

त्या लॅपटॉपची साठवण बोर्डावरच जोडलेली होती, वेगळी काढून दुसऱ्यात घालता येईल अशी नव्हती. बोर्ड जिवंत झाला तरच चित्रीकरण मिळणार. बूअज्जाने झाकण उघडलं, मीटर लावला, आणि थोड्याच वेळात मान हलवली. "मुख्य वीज थेट ग्राउंडला जातेय, म्हणजे शॉर्ट आहे. ही रेषा प्रोसेसरकडे जाते. प्रोसेसर जळला. मेला हा."

जवादने तोंडावर हात ठेवला. लल्ला बतूल म्हणाली, "मेला म्हणजे? तुम्ही डॉक्टर ना, जिवंत करा."

"मढं जिवंत करता येत नाही, बाई."

तूरिया टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिने हात पुढे केला. "मअल्लम, मीटर द्या."

मुस्तफा दुकानाबाहेर येऊन उभा राहिला.

"ती रेषा प्रोसेसरकडे जाते हे खरं," ती म्हणाली. "पण वाटेत कितीतरी भाग आहेत. त्यातला एखादा शॉर्ट असला तरी मीटर हेच दाखवेल. आधी बघू तरी."

"आणि औषधवाल्याच्या फोनसारखं झालं तर?"

"तुम्हीच म्हणताय मेलाय. मेलेल्याचं मी आणखी काय बिघडवणार?"

लल्ला बतूल स्टुलावरून म्हणाली, "बरोबर बोलतेय पोरगी. द्या तिला."

बूअज्जाने मीटर टेबलावर सरकवला. दिला नाही, सरकवला. तूरियाने तो उचलला, दोन-तीन जागी लावून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग तिने सगळ्या बोर्डावर स्पिरिट पसरलं आणि त्या रेषेला अगदी थोडी वीज दिली. जिथे शॉर्ट असेल तिथे ऊब येते आणि तिथलं स्पिरिट आधी सुकतं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. प्रोसेसरवरचं स्पिरिट तसंच चमकत राहिलं. सुकत गेली ती बाजूच्या एका पत्र्याच्या टोपणाची कड.

"प्रोसेसर थंड आहे," ती म्हणाली.

बूअज्जा वाकला, त्याने बोट लावून पाहिलं. मग खुर्ची टेबलाजवळ ओढली.

तूरियाने गरम हवा देऊन टोपण उचललं, या वेळी हळू, पुन्हा पुन्हा थांबत. टोपण निघताच जळक्या दुधाचा वास आला. आत पिवळट थर साचला होता आणि त्यात एक चिमुकला कपॅसिटर काळा पडला होता. तिने वाकून पुन्हा वास घेतला. "दूध. आणि नारिंगीच्या फुलांचं पाणी. लॅपटॉपवर लग्नाचं दूध कोणी सांडलं?"

जवादने लल्ला बतूलकडे पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

लल्ला बतूलने जेलाब्याची बाही सारखी केली. "गर्दी होती," ती म्हणाली. "नवरा-नवरीला दूध द्यायला मी चालले होते, कोणीतरी मागून ढकललं. पण मी लगेच पुसलं होतं. माझ्या ओढणीने पुसलं होतं."

"वरून पुसलंत," तूरिया म्हणाली. "आत हे राहिलं."

"मग दूध आत जाऊ शकतं हे मला आधी का नाही सांगितलंस?" लल्ला बतूल जवादवर डाफरली.

"तुम्ही बोलू देत होतात का?"

मुस्तफा हसला, मग मीही हसलो. लल्ला बतूल हसली नाही. ती उठली आणि निघून गेली. जवादला वाटलं सुटलो. पण ती परत आली ती हातात बीसाराचं, म्हणजे डाळीसारख्या घट्ट सूपाचं भांडं, पाव आणि ऑलिव्ह घेऊन, आणि सगळ्यांपुढे ठेवून पुन्हा स्टुलावर बसली.

काळा पडलेला कपॅसिटर काढल्यावर शॉर्ट गेला. पण लॅपटॉप चालू झाला नाही. जवादचा चेहरा पुन्हा पडला. तूरियाने थर साफ केला, मायक्रोस्कोपखाली बोर्ड सरकवला आणि बराच वेळ बघून म्हणाली, "दुधाने खालची रेषा खाल्लीय. कुठून तुटलीय ते दिसतंय. कुठे जाते ते मला माहीत नाही." आणि ती बूअज्जाकडे वळली. "मअल्लम, ही कुठे जाते?"

मला तो क्षण चांगला आठवतो. बूअज्जाला तिथे तिला तोंडघशी पाडता आलं असतं. नकाशा त्याच्याकडे होता, आणि नकाशापेक्षा जास्त त्याच्या डोक्यात होतं. त्याने पडदा वळवला, तिला दिसेल असा. "ही रेषा चालू करायच्या बटणापासून निघते," तो म्हणाला. "इथे खालच्या थरात बुडते, या कोपऱ्यात वर येते. इथून इथे जोड. पण मधल्या या भागाला तार लागू देऊ नकोस, नाहीतर सगळं जाईल." बोलता बोलता त्याने बोट पुढे केलं आणि ते थरथरायला लागलं. त्याने हात मागे घेतला नाही. गल्लीतल्या लोकांनी तो हात तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला.

तूरियाने केसाहून बारीक तार घेतली. तो सांगत होता, ती जोडत होती. "थोडं डावीकडे. बस. आता थंड होऊ दे." तार बसली, वर लाख लावून ती वाळवली, आणि जवादने बटण दाबलं. पंख्याचा आवाज आला, मग पडदा उजळला.

लल्ला बतूलने तिथेच गल्लीत उभं राहून मुलीचं लग्न पाहिलं. दूध सांडतं ती जागाही तिने पाहिली. स्वतःला पडद्यावर ओढणीने घाईघाईने पुसताना बघून ती म्हणाली, "हे कापून टाक रे जवाद." मग थोड्या वेळाने म्हणाली, "नको, राहू दे."

त्या दिवसापासून बूअज्जा बोलायला लागला. एखादा बोर्ड आला की आधी तूरियाला विचारायचा, "तुला काय वाटतं?" ती चुकली तर रागवायचा, पण का चुकली ते सांगायचा. त्याच्या हाताला पुढे औषधं सुरू झाली, फारसा फरक पडला नाही. तिनेच त्याला दवाखान्यात नेलं होतं. तो जायला तयार नव्हता. ती म्हणाली, "बिघाड कळल्याशिवाय तुम्ही कोणाच्या बोर्डाला हात लावता का?" मग त्याने दुकान बंद केलं आणि तिच्याबरोबर निघाला. आता तो सोल्डरिंगला हात लावत नाही आणि त्याचं त्याला वाईट वाटतं हे मला दिसतं. कधीकधी दुकान उघडायच्या आधी तो सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन नुसता बसतो, तापवत नाही.

बूअज्जाच्या शेजारचं दुकान रिकामं झालं तेव्हा तूरियाने ते घेतलं आणि मधली फळ्यांची भिंत काढून टाकली. कारखान्यातली तिची जुनी मैत्रीण सादिया आता तिथे बसते. सादियाला पहिल्या दिवसापासून मीटर मिळाला. मुस्तफा मधेमधे स्वतःला न जमलेले फोन घेऊन येतो, आणि सुरुवातीला तो तिला जे बोलला होता ते तूरिया त्याला दर वेळी ऐकवते. "काय मुस्तफा, बायकोचा फोन का?"

परवा एक तरुण आला, भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवून आणलेला, डब्यासकट. तूरियाने फोन काढून घेतला, झटकला, बॅटरी सोडवली आणि डबा त्याच्याकडे परत दिला. "तांदूळ घरी ने, आईला शिजवायला दे," ती म्हणाली. "आणि इथे बस. पाणी कुठपर्यंत गेलंय ते आधी बघू." बूअज्जाने मान न वळवता तिच्याकडे स्पिरिटची बाटली सरकवली.