दुसऱ्याची भवानी

“मग काय, फोन आपला आपणच देवळ्याला बोलला?” कुसाबाई म्हणाल्या. लसूण सोलताना त्यांची नजर पाकळीवरच होती. “सोमवारी पन्नास टाकले. आज शुक्रवार. बारा उरलेत. मी दोन फोन केले, ते बी अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे.”

तेजस्विनीने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि मगच तोंड उघडलं. “आई, तुमच्या फोनला मी पंधरा दिवसांत हात लावलेला नाही. काल दुपारी तुम्ही तो पिठाच्या डब्यात ठेवलात, डबा उशाला घेतलात आणि झोपलात. तरी तीन रुपये गेले. मी काय पिठातून बोलले?”

“डब्याला झाकण असतं. झाकण निघतं.”

“झाकणावर तुमचं डोकं होतं.”

गोरक्षने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि टेम्पोच्या टायरमधली हवा बघून येतो म्हणाला. हवा त्याने तासाभरापूर्वीच बघितली होती. ओट्यावर बसलेले बहिरूनाना, म्हणजे कुसाबाईंचे यजमान, तंबाखू मळत राहिले. भांडणात त्यांचं मत कुणी विचारत नसे, आणि ती सोय त्यांनी चाळीस वर्षं जपली होती.

भांडण तसं चार महिन्यांचं जुनं होतं. दिवाळीनंतर कुसाबाईंच्या फोनमधला बॅलन्स गळायला लागला. फुटक्या माठासारखा, कुठून गळतो ते दिसत नाही, सकाळी बघावं तर खाली ओल. कुसाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आकडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. फोन ठेवल्यावर पडद्यावर उमटणारा बॅलन्स त्या रोज वाचायच्या. फोन दुपारी स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला असायचा, स्वयंपाकघरात तेजस्विनी असायची आणि तेजस्विनीचं माहेर देवळ्याला होतं. कुसाबाईंचा तपास तिथेच संपला.

त्यात आणखी एक गोष्ट होती. तेजस्विनी दर रविवारी गोरक्षच्या फोनवरून आईशी बोलायची, ती अहिराणीत. “माय, मी बरी शे,” एवढं कुसाबाईंना कळायचं. पुढचं कळत नसे, त्यामुळे ते आपल्याविषयीच असणार याची त्यांना खात्री होती.

“एक काम करा,” तेजस्विनी आता तवा उतरवून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून सगळ्यांनीच कान दिले. “उद्या मी तुमच्यासंगे इंदिरानगरला येते. तिथल्या रिचार्जवाल्याकडून काढून घेऊ कुठे गेले पैसे. देवळ्याचा एक जरी फोन निघाला, तर मी तशीच स्टँडवर जाऊन देवळ्याची बस धरते. परत आणायला येऊ नका.”

“अन् नाय निघाला तर?” ओट्यावरून बहिरूनानांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी एवढा नेमका प्रश्न विचारला नव्हता.

“ते आई सांगतील,” तेजस्विनी म्हणाली आणि ताटं वाढायला घेतली.

कुसाबाईंच्या हातून लसूण गरजेपेक्षा जास्त सोलला गेला.

त्यांचा मळा मखमलाबादच्या पुढे. दीड एकरात झेंडू, शेवंती आणि कडेने थोडा गुलाब. पहाटे गोरक्ष टेम्पोतून माल फूलबाजारात न्यायचा आणि जाता जाता आईला तिच्या दोन पाट्यांसह इंदिरानगरच्या कोपऱ्यावर सोडायचा. त्या कोपऱ्यावर कुसाबाई सव्वीस वर्षं बसत होत्या. त्या बसायला लागल्या तेव्हा तिथे तीन इमारती होत्या आणि बाकी बाभळी. आता बाभूळ शोधून सापडत नव्हती आणि प्रत्येक इमारतीत रोजची फुलं घेणारी त्यांची दहा-बारा ठरलेली घरं होती. कुणाच्या देवाला किती फुलं लागतात, कुणाच्या घरी कधी पूजा आहे आणि कुणी देवधर्म सोडला हे त्यांना न विचारता माहीत असे. हार गुंफताना त्या बोलत, पैसे घेताना बोलत, आणि पाच रुपयांच्या पुडीवर एक फूल वर टाकत. ते वरचं फूल टाकताना त्या गिऱ्हाइकाकडे बघत नसत. मोजून दिल्यासारखं वाटू नये म्हणून.

त्यांचा खरा नेम मात्र भवानीचा होता. सकाळची पहिली विक्री ती भवानी, आणि पहिलं गिऱ्हाईक रिकामं पाठवायचं नाही, हे सगळेच पाळतात. कुसाबाई एक पाऊल पुढे होत्या. सकाळच्या वेळी दुसरा कुणी विकायला आला, तर त्यालाही त्या रिकामा पाठवत नसत. त्याचीही भवानी असेल. कंगवेवाला आला, कंगवा घेतला. उदबत्तीवाला आला, उदबत्ती घेतली. या नेमापायी घरात एकोणीस कंगवे होते, आणि उंदीर एकही नसताना उंदराच्या औषधाच्या अकरा पुड्या होत्या. एकदा तर त्यांनी मोटारीच्या काचेला चिकटवायचं लिंबू-मिरचीचं प्लास्टिकचं तोरण आणलं होतं. ते बैलाच्या गोठ्याला लावलं.

शनिवारी सकाळी टेम्पोत पुढच्या बाकावर तिघं बसली. कुसाबाई मध्ये, मांडीवर दोऱ्याचं रीळ. कोपऱ्यावर उतरल्यावर तेजस्विनीने तळवट अंथरला, पाण्याचा शिपका मारला आणि सासूच्या शेजारी पण जरा अंतर ठेवून बसली. रिचार्जचं दुकान दहाला उघडणार होतं. पाडवा चार दिवसांवर होता, त्यामुळे झेंडूला गर्दी होती. येणाऱ्या बायका विचारत होत्या, मावशी, ही कोण? “सून,” कुसाबाई सांगत. एकीने वर, गुणाची दिसते हो, असंही म्हटलं. कुसाबाईंनी तिला वरचं फूल टाकलं नाही.

साडेआठला फोन वाजला.

कुसाबाईंनी हातातला हार मांडीवर ठेवला, पदराला हात पुसले, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि फोन कानाला लावला. तेजस्विनी बघत राहिली. आपल्या सासूला फोनवर एवढं सावरून बसलेलं तिने कधी बघितलं नव्हतं. व्याह्यांचा फोन आला तरी त्या उकिडव्याच बोलत.

“व्हय बाई,” कुसाबाई म्हणाल्या. “हां. हां बाई. बरं.” मग त्यांनी फोन कानापासून दूर धरला, चष्मा नव्हता म्हणून आणखी दूर धरला, आणि अंगठ्याने एक बटण ठामपणे दाबलं. “घे,” त्या फोनला म्हणाल्या.

“कोण होतं?” तेजस्विनीने विचारलं.

“हाय एक पोरगी. करती फोन.”

“कोण पोरगी?”

“मला काय ठावं? नाव नाय सांगत. पण बोलती लय चांगली. नमस्कार म्हणती. आपण म्हणती मला.” कुसाबाईंनी पुन्हा हार हातात घेतला. “साठ वर्षांत मला आपण म्हणणारी तीच एक.”

“आणि तुम्ही काय दाबलंत?”

“एक. ती म्हणती, एक दाबा. रोज नाय म्हणत. आठ-पंधरा दिवसांनी म्हणती.”

“का दाबता पण?”

कुसाबाईंनी सुनेकडे अशा नजरेने बघितलं, जणू हिला माहेरी काहीच शिकवलं नाही. “सकाळचे साडेआठ वाजलेत, तेजे. एवढ्या सकाळी ती पोरगी दारात आल्यासारखी येती. काय इकती ते मला कळत नाय, पण काय तरी इकतीच हाय. तिची भवानी असंल. एक दाबाया काय पैसं पडत्यात?”

तेजस्विनी हसली नाही. तिने पाटीतला एक झेंडू उचलला, देठ काढला आणि परत पाटीत टाकला.

दहाला दुकान उघडलं. दुकानाचा मालक ज्ञानेश हा कुसाबाईंचा रोजचा. त्याच्या गणपतीच्या तसबिरीला हार त्यांचाच असे. त्याने फोन हातात घेतला, मेसेजची पेटी उघडली आणि आधी शीळ घातली. न उघडलेले सहाशे बेचाळीस मेसेज होते. मग त्याने चार-पाच आकडे दाबले, थांबला, आणि जीभ चावली.

“मावशी, तुम्ही क्रिकेट बघता?”

“मी?”

“क्रिकेटचा स्कोर येतो तुम्हाला. दिवसाला तीन रुपये. राशिभविष्य येतं, दोन रुपये. ही हॅलो ट्यून आहे, एक रुपया. आणि ही...” त्याने तेजस्विनीकडे बघितलं आणि आवाज खाली केला, पण दुकानात उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या पोरांना ऐकू जाईल इतपतच. “ही प्रेमाच्या युक्त्यांची सेवा आहे. तीन रुपये. आजची युक्ती वाचू? आपल्या आवडत्या व्यक्तीला लाल गुलाब द्या, तिचा दिवस फुलून जाईल.”

पोरं बाहेर जाऊन हसली. कुसाबाईंचं तोंड मात्र वेगळ्याच कारणाने उतरलं होतं. “गुलाब तर मीच इकते,” त्या म्हणाल्या. “ते मला कशाला सांगती ती?”

ज्ञानेशने समजावून सांगितलं. ती पोरगी नाही, भरून ठेवलेला आवाज आहे. एकाच वेळी हजारो जणांना तोच लागतो. एक दाबलं की सेवा सुरू होते आणि रोज पैसे कापले जातात. पैशाचं ती शेवटी सांगते, पण हिंदीत आणि घाईघाईने. देवळ्याला यातून एकही फोन गेलेला नव्हता. देवळ्याचा नंबर फोनमध्ये साठवलेलाही नव्हता.

कुसाबाईंनी विचारलं, भरून ठेवलेला म्हणजे कसा? लोणच्यासारखा?

तसाच, तो म्हणाला.

पैसे गेल्याचं दुःख कुसाबाईंना होतंच. पण त्याहून ती पोरगी नसल्याचं त्यांना पचत नव्हतं. चार महिने त्या तिची भवानी करत होत्या आणि तिकडे कुणी पाटी घेऊन बसलेलंच नव्हतं.

ज्ञानेशने बंद करायचे मेसेज एकामागून एक पाठवले. तीन सेवा बंद झाल्या. चौथीचा फोन उलटा आला. सेवा चालू ठेवण्यासाठी एक दाबा, बंद करण्यासाठी दोन दाबा. तोच आवाज, तोच नमस्कार. फोन कुसाबाईंच्या हातात होता. त्यांचा अंगठा दोनवर गेला, थांबला, आणि सवयीने डावीकडे सरकायला लागला. तेजस्विनीने अलगद फोन काढून घेतला आणि दोन दाबलं.

“भवानी झाली असेल तिची आता,” ती म्हणाली. “साडेदहा वाजले.”

परत येताना तेजस्विनी जिंकल्यासारखं काही बोलली नाही. तिने पाट्या उचलल्या, सुटे पैसे सासूच्या हातात दिले, टेम्पोत चढताना सासूला हात दिला. कुसाबाईंना हे सगळ्यात अवघड गेलं. ती काही लागट बोलली असती तर उत्तर देता आलं असतं.

दुपारी त्या झोपल्या नाहीत. पिठाचा डबा रिकामा करून घासला. उंदराच्या औषधाच्या अकरा पुड्या फळीवरून काढून मोजल्या आणि परत ठेवल्या. गोरक्षने रस्त्यातच बायकोकडून सगळं ऐकलं होतं, त्यामुळे तो टेम्पो धुवायला बसला होता. बहिरूनानांना मात्र अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, काय निघालं?

गोरक्षने चार वाक्यांत सांगितलं. नाना ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “ते गाणं बी बंद झालं का?”

“कोणतं गाणं?” कुसाबाईंनी विचारलं.

असं निघालं की कुसाबाईंना फोन लावला की पलीकडे एक जुनं प्रेमाचं गाणं लागायचं. कुसाबाईंना ते माहीत असायचं कारण नव्हतं, कारण स्वतःला कुणी फोन लावत नाही. बहिरूनाना मात्र मळ्यातून गोरक्षच्या जुन्या फोनवरून रोज दोनदा लावायचे. उचलण्याआधी ठेवून द्यायचे, म्हणजे पैसे पडत नाहीत. कुसाबाईंना वाटायचं, नाना काळजीने मिस कॉल देतात.

गोरक्षने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते. तेजस्विनीही हसली, दिवसभरात पहिल्यांदा, आणि पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली.

कुसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताटातली भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. काल रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. चुकलं, असं म्हणायचा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसलेला नव्हता. त्यांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला आणि तेजस्विनीच्या ताटाशेजारी ठेवला.

“उद्यापासून हा घरी राहील, तेजूपाशी,” त्या म्हणाल्या. “हारांच्या ऑर्डरी ती लिहून घेईल. साडेआठला ती भरलेली पोरगी आली, तर तिला नाय म्हणायचं. नीट म्हणायचं, सकाळची येळ असती. अन् दुपारी भांडी झाली की रोज देवळ्याला फोन लावायचा. वीस मिनिटं. पैसं मी टाकीन.”

“रोज काय बोलू मी वीस मिनिटं?” तेजस्विनी म्हणाली.

“चार महिनं तू रोज देवळ्याला बोलतीस, असं मी साऱ्या गावाला सांगितलं. आता बोलायचं. रविवार धरून.”