मिसबाहला खोली मिळाली

धुळ्यात देवपूरला कुंदाबाई अंगणवाडी चालवतात, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. आवाज खणखणीत, स्वभाव तापट, आणि उशीर त्यांना मुळीच खपत नाही. त्यामुळे गेल्या जूनमध्ये नाजमीन आपल्या चार वर्षांच्या मिसबाहला रोज सव्वादहाला आणून सोडू लागली, तेव्हा कुंदाबाईंनी तिला दारातच फैलावर घेतलं.

"अहो, घर चार पावलांवर आहे तुमचं. एवढंही जमत नाही?"

नाजमीनने कडेवरच्या धाकट्या दानिशला सावरलं. "उद्यापासून लवकर येते ताई," म्हणाली आणि खाली मान घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वादहाच.

मिसबाहचंही काहीतरी बिनसलं होतं. वर्षभर गाण्यांत सगळ्यांच्या पुढे असणारी ही पोर आता भिंतीला टेकून बसायची. पाठीवरची पिशवी काढू द्यायची नाही, चपला काढ म्हटलं तर रडायला लागायची. एके दिवशी मदतनीस कमलबाईंनी पाहिलं, तर अर्धी खिचडी खाऊन उरलेली ती मुठीमुठीने पिशवीत भरत होती. कमलबाई ओरडणार, तेवढ्यात कुंदाबाईंनी त्यांचा हात धरला. पिशवीत एक फ्रॉक, दानिशचं टोपडं, चमचा, साबणाची वडी, आणि या सगळ्यावर खिचडी.

"मिसबाह, कुठं राहते गं तू आता?"

पोरगी सहज म्हणाली, "अब्बू बताते शाम को."

कुंदाबाईंनी पिशवी तशीच बंद करून पुन्हा तिच्या पाठीला अडकवली.

दुपारी नाजमीन न्यायला आली, तेव्हा त्यांनी तिला आत बोलावून पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ते राहत होते त्या खोलीची मागची भिंत कलली होती. पावसाळ्यात अंगावर येईल म्हणून मालकाने मे महिन्यातच सगळ्यांना बाहेर काढलं. नाजमीनचा नवरा अस्लम पांझरा नदीच्या पलीकडे सोफे शिवायच्या कारखान्यात कामाला. त्याने रोज सुट्टी झाल्यावर खोल्या पाहिल्या. लोक नाव विचारायचे आणि मग म्हणायचे, कालच दिली हो. काही दिवस ते नाजमीनच्या बहिणीकडे राहिले, पण तिथं दोन खोल्यांत आधीच सात माणसं. मग कधी बहिणीकडे, कधी कारखान्यात सोफ्यांच्या मधल्या जागेत. तिथून गिऱ्हाइकं यायच्या आत पोरांना घेऊन बाहेर पडायचं. नाजमीन एकाला कडेवर आणि एकीला हाताशी धरून पूल ओलांडून देवपूरपर्यंत चालत यायची.

"तिकडंच जवळच्या अंगणवाडीत घालायचं ना हिला!"

"सगळंच रोज बदलतंय ताई. हिची अंगणवाडी तेवढी बदलू नये असं वाटलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"इथला पत्ता नाही म्हणून नाव काढलं असतं तुम्ही."

कुंदाबाईंच्या मनाला ते फार लागलं. चार पावलं, असं आपण सगळ्यांसमोर म्हणालो होतो! त्यांनी त्याच दिवशी पर्यवेक्षिकाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पोरं आपली आहेत ना? मग पत्त्याचं नंतर बघू."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी अंगणवाडीच्या नळावर आधी दोन्ही पोरांची अंघोळ होऊ लागली. दानिशचं वजन घटलं होतं. कुंदाबाईंनी त्याला स्वतः आरोग्य केंद्रात नेलं, राहिलेली लस टोचून घेतली. मिसबाहची पिशवी कुणी ओढायची नाही, चपलांवरून बोलायचं नाही, असं कमलबाईंना बजावलं. खिचडीसाठी तिला झाकणाचा डबा दिला. आणि रोज सुट्टी होताना तिच्यासमोर उकिडवं बसून सांगायच्या, "उद्या मी इथंच आहे हं. तू ये."

खोलीचं काम मात्र सोपं नव्हतं. तीन घरांतून कुंदाबाई हात हलवत परत आल्या. एका ठिकाणी तर चांगलीच बाचाबाची झाली. चौथं घर यशोदाबाईंचं. नवरा वारलेला, नवीन नावाचा मुलगा पुण्याला, आणि मागची खोली कित्येक वर्षं कुलूपबंद. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"पोरे रडतस का?"

"रडतात अक्का. खोटं कशाला सांगू?"

"रडू द्या. घर बठ्ठं मुकं व्हई जायेल शे." सगळं घरच मुकं झालंय, असं म्हणत तिने मागच्या खोलीच्या कुलपाकडे पाहिलं.

पण आधी मुलाला विचारायला हवं होतं. नवीनने फोनवर बरंच समजावलं. अनोळखी माणसं, तुझं वय, लोक काय म्हणतील. यशोदाबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग तू येस का आठे राहाले?" इथं राहायला यायचं म्हटल्यावर नवीन नोकरीची कारणं सांगू लागला. त्यांनी फोन ठेवला आणि कमरेची किल्ली काढून कुंदाबाईंच्या हातावर ठेवली. कुंदाबाईंना एकदम हसूही आलं आणि रडूही.

रविवारी अस्लमने खोली झाडून चुना मारला. सामान फारसं नव्हतंच, एका फेरीत आलं. मिसबाहने दाराची कडी आतून लावून पाहिली, काढली, पुन्हा लावली. तासभर तिचा तोच खेळ चालला होता.

म्हणून पोर लगेच पहिल्यासारखी झाली असं नाही. पुढचे दहा-बारा दिवस पिशवी पाठीवरच होती. कमलबाई म्हणाल्या, "आता तर घर मिळालं की!" कुंदाबाई म्हणाल्या, "तिला खरं वाटायला वेळ लागेल. आपल्याला काय घाई आहे?"

जुलै संपता संपता एका सोमवारी मिसबाह आलीच नाही. अकरा वाजले तरी पत्ता नाही. कुंदाबाई दोनदा दारापर्यंत जाऊन आल्या. काय झालं असेल? म्हातारीचं मन फिरलं? मुलगा येऊन भांडला? पोरांना कमलबाईंवर सोपवून त्या तरातरा यशोदाबाईंच्या घरी पोहोचल्या.

मागच्या खोलीचं दार सताड उघडं. मिसबाह गादीवर हातपाय पसरून गाढ झोपली होती, तोंड उघडं, एक पाय फरशीवर. नाजमीन भाकरी थापत होती. कुंदाबाईंना बघून दचकलीच.

"आज उठलीच नाही ताई. आत्ता उठवते."

"हात लावून तर बघ तिला!" कुंदाबाई कुजबुजल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या. धाप अजून ओसरली नव्हती. अंगणात दानिश रांगत जाऊन यशोदाबाईंच्या लुगड्याचा काठ तोंडात घालत होता, आणि म्हातारी त्याला रागावत रागावत तोच काठ पुन्हा त्याच्या हातात देत होती.